एका ठशातली माणसं

काकांच्या गाळ्यात मी डिझायनर म्हणून लागले तेव्हा तिथे डिझाइन करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. काकांना ते मला नोकरी देण्याआधीपासून ठाऊक होतं. मग मला घेतलंत कशाला, असं एकदा चिडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की गिऱ्हाईक आत आलं की त्याला कॉम्प्युटरपुढे कुणीतरी बसलेलं दिसावं लागतं, नाहीतर ते दुसऱ्याकडे जातं. मी बसून राहिले. पुढे बरीच वर्षं बसले.

गाळा चिंचवडच्या एमआयडीसीत होता. शाळांच्या स्पर्धांची पदकं, कंपन्यांची दीर्घ सेवेची पदकं, दिवाळीला वाटायची चांदीची नाणी, असलं सगळं तिथे तयार व्हायचं. काका मूळचे गावठाणातले. त्यांचे वडील देवांचे आणि पूर्वजांचे टाक ठोकायचे, म्हणजे देव्हाऱ्यात ठेवतात ते चांदीचे छोटे पत्रे. आजूबाजूला कारखाने उभे राहिले तशी पदकांची कामं येऊ लागली, वडिलांनी एक प्रेस घेतला आणि धंदा गाळ्यात आला. गाळ्याची पाटीही गावठाणातूनच आणलेली, तिच्यावर अजून वडिलांचंच नाव होतं. वडिलांनी ते आजोबांच्या नावावर रंगवलेलं होतं आणि ऊन तिरपं आलं की आजोबाही दिसायचे.

काकांचं एक तत्त्व होतं. जगात लागतील तेवढी चित्रं काढून झालेली आहेत, आता फक्त ती वापरायची. "हाय त्यात भागवायचं," हे त्यांचं पालुपद. नवीन काढलं की लोक त्यात खोड काढतात, जुनं दिसलं की म्हणतात कुठंतरी पाहिलंय, आणि पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास असतो. माझी पोर्टफोलिओची फाइल त्यांनी मुलाखतीच्या दिवशी फार काळजीपूर्वक पाहिली होती. शेवटी मिटून परत देताना म्हणाले होते, कागद चांगला आहे.

इथे ठशाचं थोडं सांगायला हवं. ठसा म्हणजे धातूच्या ठोकळ्यात उलटं, खोल कोरलेलं चित्र. त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की चित्र पत्र्यावर वर उठून येतं. ठशात जेवढं खोल कोराल तेवढं नाण्यावर उंच येणार. म्हणजे तयार ठशात भर घालता येते, कमी काही करता येत नाही. एकदा मिशी कोरली की ती कायमची. काकांच्या सगळ्या धंद्याला, आणि मला वाटतं स्वभावालाही, एवढीच एक अडचण होती.

त्यांच्याकडे एक पळणारा मुलगा होता. मूळचा तो हातात मशाल घेऊन शाळांच्या पदकांवर पळायचा. एका कारखान्याचं काम आलं तेव्हा काकांनी मशालीच्या टोकाला दोन दाते कोरून तिचा पाना केला. पुढे क्रिकेटचं काम आलं, तेव्हा पाना जाड करत करत त्याची बॅट केली. त्यानंतर पुन्हा पाना लागला आणि पंचाईत झाली, कारण बॅटीतून पाना काढता येईना. शेवटी उत्कृष्ट कामगाराच्या पदकावर बॅट घेऊन पळणारा माणूस गेला. तो कामगार खूश होता. कंपनीच्या टीममधून खेळत असेल, असं काका म्हणाले. मी जरा जास्तच हसले, तर त्यांनी मला खिडकीतून बाहेर बघायला लावलं. पहिली शिफ्ट सुटली होती. "ह्या पट्ट्यात दुसरं काय चाललंय? आज ह्या कंपनीत, उद्या त्या. हातातलं बदलतंय, माणूस त्योच पळतोय."

प्रतिष्ठित गृहस्थांचा चेहराही त्यांच्याकडे एकच होता. सुरुवातीला तो एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचा होता, चांगला गुळगुळीत. एका शिक्षणसंस्थेसाठी त्याला चष्मा लागला. एका साखर कारखान्यासाठी टोपी आली आणि एका स्वर्गवासी उद्योजकांसाठी मिशी. प्रत्येक वेळी घरच्यांनी पदक हातात घेऊन, अगदी आमचे दादाच, असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. एका मुलीला नाक थोडं वेगळं वाटलं. काकांनी तिला सांगितलं की धातूत नाक बसायला वेळ लागतो.

मग चाकणच्या एका कंपनीचा मॅनेजर मालकांचा फोटो घेऊन आला. मालक हयात होते, आणि त्यांना मिशी नव्हती. काकांनी फोटो पाहिला, ठसा पाहिला आणि शांतपणे मॅनेजरला म्हणाले, साहेबांना मिशी ठेवायला सांगा. मी गाडीपर्यंत त्या माणसाच्या मागे माफी मागत गेले. कार्यक्रमाच्या दिवशी पदकं पोचवायला गेले तेव्हा व्यासपीठावर मालक बसलेले होते आणि त्यांना मिशी होती. शोभतही होती.

स्वतःच्या बाबतीतही काका असेच. भाषणं त्यांना अधूनमधून करावी लागायची आणि भाषण त्यांचं एकच होतं. ते मूळ कुणाच्या तरी लग्नासाठी तयार केलेलं असावं. पुढे त्यात निवृत्तीची भर पडली, मग उद्घाटनाची, मग श्रद्धांजलीची. काढलं काहीच नाही. त्यामुळे निगडीत आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शोकसभेत, काकांनी मृतात्म्याला शांती चिंतून झाल्यावर उभयतांना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या. त्या घरच्या वहिनी मला नंतर म्हणाल्या की इतक्या भाषणांत तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

नवीन कोरणं त्यांना येत नव्हतं असं कुणी म्हणेल. मीही म्हणायचे. तेव्हा ते इतिहासात शिरायचे. पेशवाईतल्या रुपयावर कुणाचं नाव होतं? दिल्लीच्या बादशहाचं. तो बादशहा वारला तरी नाव तेच, कारण लोकांच्या बोटांना तेच ओळखीचं. राज्यं बदलली, ठसे तसेच चालले. "मग आमी कोण लागून गेलो?" असं म्हणून ते डबा उघडायचे. डब्यात कायम मेथीची भाजी असायची.

एकाच ठशावर मात्र त्यांनी कधी कोरणी चालवली नव्हती. वडिलांच्या वेळचा, काशाचा, लाल कापडात बांधून ठेवलेला. त्यावर घोडेस्वार होता. घोड्याचा पुढचा पाय उचललेला, स्वाराच्या हातात तलवार, डोक्याला फेटा. हा वीर. देवांचे ठसे वेगळे होते. हा गेलेल्या माणसांचा. काही घराण्यांत घरातला माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. मोशी, चऱ्होली, चाकण, इकडच्या जुन्या घरांतले कित्येक पूर्वज याच घोड्यावर बसून देव्हाऱ्यात गेलेले होते. कुणी आयुष्यभर कांदा पिकवला, कुणी टेम्पो चालवला, पण गेल्यावर सगळे तलवार घेऊन घोड्यावर. टाकावर नाव नसतं. कोणता कुणाचा, हे कसं कळतं, असं मी विचारलं होतं. घरच्यांना ठाऊक असतं, असं काका म्हणाले होते, आणि मला ते तेव्हा फारच सोपं उत्तर वाटलं होतं.

एकदा मराठवाड्यातला एक माणूस आपल्या धाकट्या भावाचा टाक करायला आला. भाऊ चाकणला एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, कावीळ उलटून गेला होता. कंपनीतले कागद उरकायला हा आला होता. गावाकडं आईच्या देव्हाऱ्यात टाक बसवायचा होता, म्हणून विचारत विचारत आमच्याकडे पोचला. काकांनी टाक ठोकून दिला, मी तो कागदात गुंडाळला, आणि तो एसटीने निघून गेला. असे लोक येतच असायचे. मी विसरूनही गेले.

पुढे पावसाळा सरता सरता एक बाई आली. साधीच, तिशीच्या आतली, एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. गेलेल्याची ती बायको होती. दिरांनी तुमच्याकडून टाक नेला तसा मला एक हवा, म्हणाली. काकांनी विचारलं की एक तर घरी गेलाच आहे, मग दुसरा कशाला. तेव्हा तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सासरची माणसं म्हणत होती, नोकरी सोड, खोली सोड, लेकीला घेऊन गावी ये. टाक मोठ्या घरी आहे, नवऱ्याचं दर्शन हवं असेल तर तिथे राहा. तिला इथेच राहायचं होतं. मुलगी इथल्या शाळेत जात होती आणि खोलीत एक लहान देव्हारा होता. त्यात बाकी सगळे देव होते, हाच नव्हता.

काकांनी लाल कापड सोडायला घेतलं. तेव्हा ती म्हणाली की एक अडचण आहे. गावी गेल्यावर मुलीला तिने देव्हाऱ्यापुढे नेलं होतं. तिथे एका रांगेत सगळेच घोड्यावर. मुलगी विचारत राहिली यातले बाबा कोणते, आणि हिला स्वतःलाच सांगता आलं नाही.

"घोड्यावर तर ते लग्नात बी बसले नव्हते, काका. जीपमधून आले होते."

तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. पिवळं हेल्मेट घातलेला माणूस फोर्कलिफ्टपाशी उभा राहून हसत होता. मुलगी त्याला याच फोटोत ओळखायची. काकांनी फोटो बघितला आणि सांगितलं की टाकात चेहरा येत नाही, आजवर कुणाचा आला नाही. ती बरं म्हणाली, पण गेली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. शिफ्टची वेळ झाल्यावर उठली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याच स्टुलावर बसली.

माझ्या दृष्टीने ही संधी होती, हे लपवत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नवीन चित्र हवं होतं. मी तिच्याकडून फोटो मागून घेतला आणि दोन दिवस खपून त्या माणसाचा चेहरा तयार केला, हेल्मेटसकट, हसण्यासकट. मशीनवर ठसा कापून आणायची सोयही बघून ठेवली. काकांना दाखवलं. ते म्हणाले, झकास झालंय, तिला विचार.

तिने पडद्याकडे बराच वेळ बघितलं. डोळे पुसले. मग म्हणाली, "लई चांगलं झालंय, ताई. भिंतीवर लावीन मी. पण देव्हाऱ्यात कसं बसवू? गावाकडं घरातले सगळे घोड्यावर आणि हे एकटेच इथं उभे, हसत."

मला राग आला, खरं सांगते. घोडा नको म्हणायचं आणि घोड्याशिवायही नको म्हणायचं, मग हिला हवं तरी काय? काकांना मात्र ते कळलेलं दिसलं, कारण त्यांनी तिला पहिल्यांदाच चहा सांगितला. चहा पिताना ती हळूच म्हणाली की चेहरा नसला तर नसू द्या, डोक्यावर टोपी तरी घालता येईल का, ती पिवळी. रंग नसला तरी चालेल.

काकांनी वडिलांचा ठसा खिडकीशी नेला, त्याला हात जोडले आणि कोरणी काढली. मी म्हटलं, काका, याची नक्कल ओतून घ्या आणि नकलेवर कोरा. हा एकच आहे, यातून परत काही पुसता येणार नाही. ते चष्मा पुसत होते.

"येकट्याच्याच डोक्यावर दिसलं तर त्यो निराळा पडंल," ते म्हणाले. "तिला निराळा नकोय आन् हरवायला बी नकोय. मग पुढच्या समद्यांना घालायला लागंल."

फेट्याच्या जागी हेल्मेट बसलं. फेटा पुरता त्यात गेला. कपाळावर छोटी पुढची कड तेवढी बाहेर आली. घोडा तसाच, तलवार तशीच. चांदीचा पत्रा ठशावर ठेवला, वर शिशाचा तुकडा आणि हातोडीचा ठोका. टाक उचलून काकांनी तिच्या तळहातावर ठेवला. ती तो पदराच्या टोकात बांधून, गाठ दोनदा ओढून बघून गेली.

त्यानंतर या भागातले सगळे पूर्वज हेल्मेट घालून देव्हाऱ्यात जाऊ लागले. बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही. जे घर ज्या माणसाला ओळखतं ते डोक्यावर काय आहे ते बघत नाही. मोशीकडचे एक पाटील मात्र मोठी गाडी दारात लावून तणतणत आले. आमच्या आज्ज्याच्या डोक्यावर हे काय बसवलंय, असा त्यांचा सवाल होता. काकांनी विचारलं, कंपनीला जमीन कुणी दिली. आज्ज्यानंच, पाटील म्हणाले. "मग," असं म्हणून काका पुढच्या कामाला लागले. पाटलांनी टाक खिशात घातला आणि जाताना चांदीच्या नाण्यांची चौकशी करून गेले.

पण ज्याच्यासाठी हे सगळं झालं ती गोष्ट मिटली नव्हती. दिवाळीनंतर ती बाई पुन्हा आली, या वेळी सासूला घेऊन. म्हणजे सासूच तिला घेऊन आली होती. नऊवारीतली उंच म्हातारी, प्रवासाने शिणलेली, पण आवाज खणखणीत. नातीला भेटायला म्हणून गावाहून आली होती आणि खोलीतल्या देव्हाऱ्यात तिला दुसरा टाक दिसला होता. ती परत गावी गेली, आपल्या देव्हाऱ्यातला टाक घेऊन पुन्हा आली आणि सुनेला थेट गाळ्यात उभं केलं. एका माणसाचे दोन टाक कुठे असतात का, तुम्ही करून दिलाच कसा, तो माणूस आता नेमका बसायचा कुठे? सुनेचा आटवा, एवढंच तिचं मागणं होतं. आटवायचं म्हणजे वितळवायचं.

सून इतका वेळ भिंतीशी उभी होती. पदराची गाठ सोडून तिने टाक टेबलावर ठेवला. "आत्याबाई, तुमच्याकडं न्या," ती म्हणाली. "मी मागणार नाही परत. पण आटवू नका."

मला तिथे थांबवेना, पण जाताही येईना. म्हातारीने कमरेच्या पिशवीतून आपला टाक काढला आणि सुनेच्या टाकाशेजारी ठेवला. एकाच ठशातले दोन घोडेस्वार शेजारी शेजारी, पाय तसाच उचललेला, तलवार तशीच. एक फेट्यात, दुसरा हेल्मेटमध्ये. म्हातारी वाकून बघायला लागली. आधी हेल्मेटवाला हातात घेतला, खिडकीकडे धरला, अंगठ्याने ती कपाळावरची कड चाचपली. लेक सुट्टीला गावी यायचा तेव्हा ते हेल्मेट घेऊन यायचा, ती म्हणाली, आणि त्यातून कोंबडीच्या पिल्लांना दाणे टाकायचा. हे सुनेलाही माहीत नसावं, कारण तिने चटकन मान वर केली. मग म्हातारीने तो खाली ठेवला आणि आपला उचलला. तो तिने किती तरी वेळ उलटसुलट करून बघितला.

"मग माझ्याकडं कोण बसलाय?" ती म्हणाली.

आता तिचा आवाज खणखणीत नव्हता. वर्षभर ती ज्याला रोज हळदीकुंकू लावत होती तो कुणीही असू शकला असता, हे तिला त्या टेबलाशी कळलं होतं. सून पुढे आली, पण हात लावायला धजली नाही. काकांनी म्हातारीपुढे हात पसरला आणि ती द्यायला तयार होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"त्योच हाय, माय. द्या हिकडं."

त्यांनी तो टाक वडिलांच्या ठशावर पालथा घातला. ज्या ठशातून निघाला होता त्यातच तो पुन्हा बसला, घोडा घोड्यात, पाय पायात, काडीचीही फट राहिली नाही. फक्त डोक्यापाशी जागा मोकळी होती. वर शिसं ठेवलं, एकच ठोका मारला. टाक सुलटा केला तेव्हा चांदी तीच होती, वर्षभराचं कुंकू घोड्याच्या आयाळीत तसंच होतं, आणि स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

म्हातारीने तो कपाळाला लावला. मग पिशवीत ठेवून पिशवी कमरेला खोचली आणि दाराकडे निघाली. सून जागची हलली नाही. दुसरा टाक अजून टेबलावरच होता आणि त्याचं काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हातारी उंबऱ्यात थांबली.

"तुझा उचल की गं," ती म्हणाली. "माझी यस्टी चुकंल."